विहीणबाईंचा मान

"देवस्थळींच्या घराण्यानं आजवर कुणाला संकटात एकटं सोडलेलं नाही, आणि माझ्या देहात प्राण असेतो सोडणार नाही."

हे वाक्य बोलायला अण्णा नाश्त्याच्या टेबलापाशी मुद्दाम उभे राहिले होते. वाक्य चांगलं झालं. त्यात घराणं होतं, संकट होतं, देह आणि प्राण दोन्ही होते. अडचण त्यानंतर आली. बोलून झाल्यावर त्यांना बसायचं होतं, आणि उजवा गुडघा काही केल्या वाकेना. शेवटी विक्रमनं उठून वडिलांना काखेत धरलं आणि खुर्चीवर टेकवलं. मग सून गिरिजानं विचारलं, "अण्णा, पोह्यांवर लिंबू?"

घराण्यानं लिंबू घेतलं.

आदल्या संध्याकाळी चंदीगडमध्ये हवाई हल्ल्याचे भोंगे वाजले होते आणि शहरानं दिवे मालवले होते. मुळात आखीव शहर. अंधारही तिथे सेक्टरवार झाला, आधी बावीस, मग तेवीस, नकाशाला शोभेल असा. सेक्टर बावीसच्या बाजारामागे, वरच्या मजल्यावर, अण्णा एकटे राहत. बायको, सुशीलाबाई, गेल्यापासून त्या घरात रात्रीचा एकच दिवा लागायचा, त्यामुळे मालवायलाही एकच होता. पण भोंगा थांबायच्या आत विक्रम आणि गिरिजा मोहालीहून गाडी घेऊन हजर झाले. अण्णांच्या थोरल्या बहीण शशिकला, म्हणजे अक्का, तर आधीपासूनच तिथे होत्या. उन्हाळ्याचे चार दिवस राहायला सांगलीहून आल्या होत्या. विमानतळ बंद झाला आणि चार दिवसांना शेवट उरला नाही. सुशीलाबाईंच्या तेराव्यानंतर त्या घरात चार माणसं एका वेळी जेवली ती त्या अंधारात. कुणाचा हात कुणाच्या ताटात जात होता. शहर जिवाच्या भीतीनं जागं होतं आणि अण्णा कधी नव्हे ते गाढ झोपले.

याची त्यांना सकाळी थोडी लाज वाटली. पण थोडीच.

कारण मागची खोली अजून रिकामी होती. ती उल्काची. उल्का त्यांची मुलगी, जनावरांची डॉक्टर, फिरोजपूरच्या पुढे सतलजच्या काठी 'चक्क बोहडवाला' अशा नावाच्या गावात सरकारी दवाखाना चालवायची. तिथल्याच जगतार सिंग नावाच्या शेतकऱ्याशी तिनं लग्न केलं होतं. त्या लग्नाला कुणी विरोध केला नव्हता, रुसवेफुगवे झाले नव्हते, हीच पुढे अण्णांची पंचाईत झाली. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. ती नुसतीच कामात असायची. आईच्या श्राद्धाला यायची, दोन तास बसायची, आणि तेवढ्यात कुणाची तरी म्हैस अडायची.

आता तिच्या गावापासून सरहद्द इतकी जवळ होती की पलीकडचा ट्रॅक्टर कोणत्या गियरमध्ये आहे ते इकडे कळे. आणि काल रात्रीपासून तिकडून ट्रॅक्टरचा आवाज येत नव्हता.

तिचा सकाळी निरोप आला होता. इथे सगळं ठीक, बायका-मुलांना हलवतायत, तुम्ही काळजी करू नका. अण्णांनी सेक्टर तीसच्या सरकारी प्रयोगशाळेत भूकंप मोजायची यंत्रं बनवण्यात उमर घालवली होती, त्यामुळे त्यांनी या निरोपाचा शास्त्रीय विचार केला. बायकांना हलवतायत. उल्का ही बाई आहे. म्हणजे उल्काला हलवतायत. यात चूक काढायला कुठे जागाच नव्हती. राहिला प्रश्न तिला आणायला जाण्याचा, आणि त्यासाठीच ते उभे राहिले होते.

विक्रमचं म्हणणं होतं की कुणीही कुठेही जायचं नाही, सरकार बसगाड्या सोडतंय. अक्कांचं म्हणणं होतं की उल्काला आणावं, पण एकटीला. सासरची माणसं आली की त्यांचं सगळं रीतीनं करावं लागतं, आणि या घरात धड एक चांदीचं तबकही उरलेलं नाही. गिरिजा म्हणाली, आणायचं तर सगळ्यांनाच आणा, बॉम्बला सासर-माहेर कळत नाही. यावर अक्का म्हणाल्या, बॉम्बला कळत नसेल, माणसांना कळतं. विक्रमनं बायकोकडे पाहिलं, बायकोनं गाडीच्या किल्लीकडे. मग तो उठला आणि पाण्याच्या बाटल्या भरू लागला. त्याच्या घरात ठराव असेच मंजूर होत.

अण्णा गाडीत मागे बसले. विक्रमनं दोनदा सांगितलं की पुढे बसा, पाय पसरायला जागा आहे. पण उल्काला लहानपणापासून मागे बसलं की मळमळायचं. पुढची जागा तिची. अण्णा जाताना मागे बसले ते सवय व्हावी म्हणून, आणि अख्खा रस्ता विक्रम वडिलांचा ड्रायव्हर असल्यासारखा दिसत राहिला.

मोगा मागे पडलं तसा रस्ता एका बाजूनं भरू लागला. समोरून ट्रॅक्टर-ट्रॉल्या येत होत्या. खाटा, फ्रिज, कूलर, शिलाई मशीन, गव्हाची पोती, आणि पोत्यांवर बायका. एक बाई धावत्या ट्रॉलीत मुलीची वेणी घालत होती, जणू शाळेला उशीर होतोय. ट्रॉल्यांत पुरुष असा नव्हताच, पुढे चाक धरून बसलेला तेवढा. जाणाऱ्या बाजूला बहुतेक फक्त विक्रमची गाडी होती. नाक्यावरचा हवालदार वाकून आत बघत म्हणाला, "बाबाजी, सारा पिंड, सारा गांव इधर आ रहा है, आप उधर किधर?"

"मुलीला आणायला," अण्णा म्हणाले. मग लक्षात येऊन तेच हिंदीत म्हणाले. हवालदारानं मराठीतच समजून घेतलं होतं. त्यानं दोरी खाली केली.

चक्क बोहडवाल्यात कुत्रीसुद्धा हळू आवाजात भुंकत होती. लांब कुठेतरी एक धप्प झालं. अण्णांनी सवयीनं अंतराचा अंदाज बांधला आणि विक्रमला सांगितला नाही. दवाखान्याच्या अंगणात उल्का होती. पायात गमबूट, डाव्या हाताला खांद्यापर्यंत रबरी मोजा. समोर दहा-बारा बाप्ये दावी घेऊन उभे, आणि ती त्यांना पंजाबीतून गाठ मारायला शिकवत होती. निरगाठ नको, सुरगाठ मारा. दोर लांब सोडा. वरून काही आलं तर एका ओढीत जनावर सुटलं पाहिजे. गोठा पेटला तर गाठ सोडत बसायला कुणी राहणार नाही.

तिनं वडिलांना पाहिलं. आधी भावावर उखडली.

"विकी, अक्कल आहे का यार तुला? ह्यांना घेऊन आलास?"

"ते मला घेऊन आलेत," विक्रम म्हणाला.

अण्णा म्हणाले, "चल. पुढची जागा तुझी ठेवलीय."

उल्कानं मोजा सोलून काढला. हातावर घाम होता. तिनं सांगितलं ते भराभर आणि एका दमात. रात्रभराच्या आवाजानं दोन म्हशी गाभडल्या होत्या, बाकीच्यांनी पान्हा चोरला होता, दूध तटून कासा दगडासारख्या झाल्या होत्या. बायका-मुलं निघाली की बाप्ये मागे राहणार ते जनावरांसाठी. आणि बाप्यांना म्हैस पिळता येते, तिचं दुखणं कळत नाही.

"तू लिहिलं होतंस, बायकांना हलवतायत," अण्णा म्हणाले.

"मी त्यांच्यात नाही हो, अण्णा. मी डॉक्टर आहे." मग जरा थांबून, "माणसांना न्यायला सगळे येतात. हवालदार येतो, बस येते, तुम्ही येता. ह्यांना न्यायला कोण येणार?"

यावर अण्णांकडे एक उत्तर होतं. पण ते फार लहान होतं. मला न्यायला कोण येणार, असं काहीतरी. सत्तरी ओलांडलेल्या माणसानं, विक्रमची धडधाकट गाडी मागे उभी असताना, म्हशींशी स्पर्धा करणं बरं दिसलं नसतं.

उल्का म्हणाली, "मला नेऊ नका. बीजींना न्या."

बीजी म्हणजे जगतारची आई, बचन कौर, अण्णांच्या विहीणबाई. त्या व्हरांड्यात खाटेवर बसल्या होत्या आणि हलायला तयार नव्हत्या. मुलाच्या सासरी जायचं, आणि तेही जीव वाचवायला? अशी कोणती वरमाई जाते? जगतार त्यांच्यासमोर उकिडवा बसून समजूत घालत होता. दोन्ही हातांनी त्यानं आईचे पाय धरले होते. ते पाया पडणं होतं की उचलायची तयारी, ते बघणाऱ्याला कळत नव्हतं. अण्णांना पाहून बीजी उठल्या, आत गेल्या आणि लस्सीचा मोठा पेला घेऊन आल्या. त्या भागात मुलीचा बाप मुलीच्या सासरचं पाणीही पीत नाही. अण्णांना हे लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि लग्नानंतर सांगायची कुणाची हिंमत झाली नव्हती; सगळ्या गावात हा एकच व्याही होता जो येऊन घटाघट लस्सी प्यायचा आणि वर अजून आहे का विचारायचा. बीजींना त्याचं फार कौतुक. आजही अण्णांनी पेला रिकामा केला, मिशी पुसली आणि म्हणाले, "चलिए. मेरे घर में कोई नहीं है."

खरं तर घरात अक्का होत्या, गिरिजा होती. पण ते वाक्य त्यांच्या तोंडून असंच आलं, आणि बीजींनी रिकामा पेला त्यांच्या हातातून काढून घेतला. मग त्यांनी जगतारला सांगितलं, गव्हाचं एक पोतं गाडीत टाक. कुणाच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नाही.

मागच्या सीटवर बीजी आणि मोग्याला उतरणाऱ्या दोन शेजारणी बसल्या. अण्णा मध्ये, एका कुल्ल्यावर. डिकीत पेट्या. पोत्याला जागा पुढच्या सीटवर मिळाली. गाडी सुरू होताच ती टींटीं ओरडायला लागली, पुढच्या माणसानं पट्टा लावला नाही म्हणून. विक्रमनं पोत्याला पट्टा लावला. अण्णांनी मागे वळून पाहिलं. उल्का हात हलवत नव्हती. ती कुणाच्या तरी दाव्याची गाठ सोडून पुन्हा बांधून दाखवत होती.

घराच्या दारात अक्का उभ्या होत्या. सकाळी सासरच्या माणसांना नको म्हणणाऱ्या याच. पण विहीण उंबऱ्याशी येऊन ठेपली आणि अक्कांच्या अंगात पिढ्यान्‌पिढ्यांची मुलीकडची बाजू जागी झाली. त्यांनी पायावर पाणी घातलं. स्टीलच्या ताटलीत निरांजन ठेवून ओवाळलं. चांदीचं तबक नाही म्हणून बीजींची माफी मागितली, मराठीत. बीजींना त्यातलं 'चांदी' तेवढं कळलं आणि त्यांनी घाबरून कानातल्या डुलांना हात लावला.

तेव्हापासून मान सुरू झाला. खोलीतली चांगली खुर्ची पंख्याखाली आली. तीत बीजी. चहा खुर्चीत, जेवण खुर्चीत, हात धुवायला तांब्यासुद्धा खुर्चीत. संध्याकाळी त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि परातीकडे हात नेला, तेव्हा अक्कांनी तो हात हळूच धरून त्यांना परत आणून बसवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी लसूण सोलायला घेतला. अक्कांनी लसूण काढून घेतला आणि हातात वर्तमानपत्र दिलं. बीजींना गुरुमुखी येत होती, इंग्रजी नाही. त्या ते नीट धरून बसल्या.

गिरिजानं अण्णांना गॅलरीत गाठलं. त्या बाईंना कणीक मळायची असेल तर मळू द्या, त्यांच्या हातांना काहीतरी पाहिजे, सारख्या ओढणीची टोकं वळतायत, असं ती म्हणाली. अण्णा म्हणाले, अक्काला विचार. अक्का म्हणाल्या, विहिणीला कणकेत हात घालायला लावला तर लोक काय म्हणतील. गिरिजानं खिडकीकडे पाहिलं. काचांना काळे कागद, पडदे ओढलेले, रस्त्यावर चिटपाखरू नाही. कोण लोक, असं तिनं विचारलं नाही. ती विक्रमच्या बाजूला गेली आणि विक्रम नेहमीप्रमाणे आधीच तिच्या बाजूला होता. अक्का आणि अण्णा एका बाजूला. घराची अशी फाळणी अण्णांच्या धाकट्या भावाच्या, शंकरकाकांच्या मुंजीनंतर प्रथमच होत होती, आणि दोन्ही बाजू एकमेकींना वाढत होत्या त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

अण्णांना खरं विचाराल तर बरं चाललं होतं. मागच्या खोलीत कुणीतरी झोपत होतं. सकाळी बाथरूमसाठी थांबावं लागत होतं, ही त्यांना चैन वाटे. आणि संध्याकाळी दिवे गेल्यावर, बाकीचे आत फोनवर बातम्या बघत असताना, ते आणि बीजी अंधारात समोरासमोर बसत. फार बोलणं नसायचं. एकदा उल्काबद्दल बीजींनी विचारलं, "भाईसाब, सुनती है वो आपकी?"

"नहीं."

"मेरी वी नहीं."

आणि दोघं हसले. अंधारात हसलेलं दिसत नाही, म्हणून जरा जास्तच. त्या हसण्यात अण्णांना एकदम वाटून गेलं की उल्का आलीच आहे, फक्त दुसऱ्या रूपानं. ही कल्पना त्यांना इतकी आवडली की त्यांनी ती कुणाला सांगितली नाही.

शनिवारी सकाळी बाथरूमसाठी थांबावं लागलं नाही.

मागच्या खोलीत पलंगावरची चादर कोपरे दाबून घातलेली होती. पेटी नव्हती. गव्हाचं पोतं भिंतीशी उभं होतं. अक्का मटकन बसल्या. सरहद्दीवरून सुखरूप आणलेली विहीण सेक्टर बावीसमध्ये हरवली, हे जगतारला कोणत्या तोंडानं सांगायचं? विक्रम जिन्यापर्यंत धावला आणि परत आला. अण्णा फोन हातात घेऊन उल्काचं नाव उघडत होते आणि मिटत होते. गिरिजा ओटा पुसत होती. पुसून झाल्यावर तिनं फडकं पिळून वाळत घातलं आणि मग सांगितलं, की बीजी पलीकडच्या सेक्टरातल्या गुरुद्वाऱ्यात आहेत. तिथे त्यांच्या गावाकडची तीन-चार कुटुंबं येऊन उतरलीयत. पहाटे त्यांनीच विचारलं म्हणून तीच त्यांना सोडून आली.

अक्का म्हणाल्या, "तू विहिणीला घराबाहेर सोडून आलीस?"

"नाही आत्या. मी त्यांना कामावर सोडून आले."

यानंतर अक्का गिरिजाशी बोलल्या नाहीत. विक्रम दोघींशी बोलला नाही, सुरक्षित म्हणून. अण्णा चप्पल घालून निघाले. वाटेत त्यांनी वाक्य जुळवलं. यावेळी त्यात घराणं नव्हतं. आमचं काही चुकलं असेल तर माफ करा, घरी चला, एवढंच होतं. पण हिंदीत त्याची लांबी वाढत गेली.

लंगरच्या स्वयंपाकघरात बीजी जमिनीवर बसल्या होत्या, कोपरापर्यंत कणीक, दोन्ही बाजूंना बायका, आणि सगळ्या एकाच वेळी बोलत होत्या. तीन दिवसांत अण्णांनी त्यांचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता. अण्णांना बघून त्या गप्प झाल्या नाहीत, त्यांनी सरकून जागा केली. अण्णा गुडघ्याला विनवत हळूहळू खाली बसले. बसेपर्यंत वाक्य निम्मं विसरलं होतं. उरलेलं निम्मं त्यांनी म्हटलं.

बीजींनी हातातला गोळा पुरा केला. म्हणाल्या, "भाईसाब, आपने तीन दिन मुझे कुर्सी पे बिठाया. हमारे यहां पहले दिन मेहमान को बिठाते हैं. दूसरे दिन परात देते हैं. परात ना दो तो मतलब, माई, अब तू जा."

 अण्णांना सांगायचं होतं, की त्यांच्याकडे उलट असतं. आमच्याकडे ज्याला फार मानतात त्याला काहीच करू देत नाहीत. सांगायला तोंड उघडलं, आणि त्यांना उल्का आठवली. श्राद्धाला यायची, तेव्हा तीही विळीकडे हात न्यायची. अण्णाच म्हणायचे, तू बस गं, दोन तास तर आलीयस. आणि ती बसायची. खुर्चीत. पंख्याखाली.

"लसूण आहे का सोलायला?" त्यांनी मराठीतच विचारलं.

बीजींनी त्यांच्यापुढे लसणाची पाटी सरकवली. ती सोलता सोलता दुपार उतरली. बोटांची आग झाली. शेजारची बाई त्यांना 'बाबाजी, जरा जल्दी' म्हणाली, तेव्हा त्यांना आपण उपयोगाचे असल्यासारखं वाटलं. आणि पाटीच्या तळाशी आले असताना कुणाच्या तरी फोनवर बातमी आली की लढाई थांबली. सगळ्या बायका उठून उभ्या राहिल्या. काहींनी हात जोडले. बीजी रडल्या आणि रडतानाच तव्यावरची पोळी उलटली. अण्णांनी हात जोडले, मनापासून जोडले. पण हात खाली घेताना त्यांच्या मनात आलं, की आता सगळे जाणार.

सगळे गेले. विक्रम आणि गिरिजा त्याच संध्याकाळी मोहालीला, सोमवारी ऑफिस होतं. बीजी गावच्या माणसांबरोबर गुरुद्वाऱ्यातच राहिल्या. अक्कांना दिल्लीची टॅक्सी मिळाली. जाताना गिरिजाला त्यांनी फोनवरून, अण्णांमार्फत, लोणच्याला तेल कमी पडलंय असं सांगितलं, म्हणजे बोलणं सुरू झालं. खिडक्यांवरचे काळे कागद अण्णांनी एकट्यानं काढले. सगळीकडे शांतता झाली. त्यांच्या घरात तर फारच.

रविवारी सकाळी उल्काचा फोन आला. ती आणि जगतार टेम्पो घेऊन निघाले होते, सगळ्यांना परत न्यायला. अण्णांनी मागच्या खोलीची चादर बदलली. दूध जास्त घेतलं. मग त्यांनी विळी काढून ठेवली, खाली, पाट मांडून, आणि शेजारी भाजी. यावेळी तिला बस म्हणायचं नाही. भाजी चिरायला सांगायची. भाजी चिरता चिरता माणूस रात्रीपर्यंत राहतो.

पुन्हा फोन आला तेव्हा उल्का गुरुद्वाऱ्यातून बोलत होती. इथे सरळ आलो, इथूनच निघतो, संध्याकाळच्या धारेला पोचलं पाहिजे, तुम्ही येता का इकडे पाच मिनिटं?

अण्णा गेले. टेम्पोत खाटा चढल्या होत्या, पेट्या चढल्या होत्या, पेट्यांवर बायका. बीजी सगळ्यांत वर, ड्रायव्हरच्या डोक्यामागे, जागा पटकावून. त्यांनी वरूनच सांगितलं की पोतं संपलं की कळवा, दुसरं पाठवीन, आणि पुढच्या वेळी कणीक मी मळणार. उल्का खाली होती. चार दिवसांत ती बारीक झाली होती. तिच्या अंगाला धुराचा आणि शेणाचा वास येत होता, आणि तिचा एक डोळा रात्रपाळीच्या माणसासारखा लाल होता. तिनं सांगितलं की गावावर काही पडलं नाही. फक्त एक वासरू गेलं, भीतीनं.

अण्णांनी टेम्पोच्या मागच्या फळीवर, फाळक्यावर, हात ठेवला. घरून काही जुळवून आणलेलं नव्हतं, त्यामुळे ते सरळ बोलले.

"उल्के, त्या दिवशी पहिला भोंगा वाजला ना, तेव्हा मला वाटलं, आता तू येशील. तिकडे लोक घरंदारं टाकून निघत होते. आणि मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं गं मला."

 उल्कानं त्यांच्याकडे पाहिलं, जनावराकडे बघते तसं, कुठे दुखतंय ते न विचारता शोधत. तिचे ओठ हलले. वरून बीजी काहीतरी म्हणाल्या, पुढून जगतारनं इंजिन सुरू केलं आणि टेम्पो सबंध थरथरला. अण्णांच्या तळहाताला ते थरथरणं कळत होतं. किती ते त्यांना सांगता आलं असतं. ते वाट बघत उभे राहिले.

"अण्णा," उल्का हलकेच म्हणाली, "जरा हात काढता? फाळका लावायचाय."